जमीन घेण्यापूर्वी : गोव्याच्या ग्रामीण भागात स्थावर मालमत्तेची निवड

आयुष्यभराच्या बचतीतून जमिनीचा एखादा तुकडा घ्यावा, ही इच्छा गोमंतकीय कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बोटीवर नोकरी करणारा खलाशी असो, आखाती देशातून परतलेला कारागीर असो की निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला प्राथमिक शिक्षक असो, हाती चार पैसे जमले की त्याचे लक्ष प्रथम जमिनीकडे वळते. सोने चोरीला जाते, व्यापार बुडतो, जमीन मात्र जागची हलत नाही, असा यामागचा विचार. विचार योग्य आहे. परंतु तो अपुरा आहे. जमीन जागची हलत नाही हे खरे. मात्र तिच्यावरील हक्क हलतात, तिच्या वापरावरील निर्बंध बदलतात आणि तिच्या खालचे पाणीही आटते. म्हणूनच कोठे जमीन घ्यावी, हा प्रश्न केवळ दराचा नसून विवेकाचा आहे.

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत राज्यातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या नागरी म्हणून गणली गेली. तथापि या नागरी वस्तीचा मोठा भाग म्हणजे पसरत गेलेली गावेच होत. राज्याचा कारभार आजही १९१ ग्रामपंचायतींच्या आधारे चालतो आणि जमिनीचे व्यवहारही प्रामुख्याने या पंचायतींच्या हद्दीतच होतात. ज्या राज्यात भूमी इतकी थोडी, तेथे एका कुटुंबाची चूक त्या कुटुंबापुरतीच मर्यादित राहत नाही. गावच्या शेतावर, विहिरीवर आणि वाटेवरही तिचा परिणाम होतो.

दोषांचे दोन प्रकार

जमिनीची निवड करताना एक भेद प्रथम ध्यानात घेणे इष्ट ठरते. जमिनीत आढळणारे दोष दोन प्रकारचे असतात. काही दोष वेळ, पैसा आणि चिकाटी यांच्या बळावर दूर करता येतात. सीमांकन झालेले नसणे, मृत व्यक्तीचे नाव उताऱ्यावर राहून जाणे, भावंडांत वाटणी न होणे ही याची उदाहरणे. काही दोष मात्र विकत घेणाऱ्याने कितीही खर्च केला तरी दूर होत नाहीत. खारट पाण्याचे खाजन कोरडे होत नाही, खडकाळ पठारावर पाणी उगवत नाही आणि कुळाच्या भातशेतीचे घरबांधणीच्या भूखंडात रूपांतर होत नाही.

ज्या जमिनीचा दर आजूबाजूच्या दराहून फार कमी असतो, तिच्यात बहुधा यांपैकी एखादा दोष दडलेला असतो. तो पहिल्या प्रकारचा असेल तर व्यवहार लाभाचाही ठरू शकतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर स्वस्त जमीनही महागच पडते. म्हणून तपासणीचा क्रम असा असावा : प्रथम जमिनीची जात, नंतर कायद्याने अनुज्ञेय असलेला वापर, त्यानंतर इतरांचे हक्क, मग मालकी आणि सर्वांत शेवटी दर. व्यवहारात बहुतेक लोक नेमके याच्या उलट क्रमाने जातात.

जमिनीची जात

गोव्याच्या भूमीचे स्थूलमानाने तीन पट्टे पडतात. पश्चिमेस किनारपट्टी व नद्यांच्या मुखालगतची सखल भूमी, मध्ये जांभ्या दगडाची पठारे व त्यांमधील दऱ्या, आणि पूर्वेस सह्याद्रीचा पायथा.

सखल पट्ट्यातील खाजन जमिनी ही गोव्याची वैशिष्ट्यपूर्ण संपत्ती होय. भरतीचे खारे पाणी बांधांनी अडवून आणि मानशीच्या दारांनी त्याची ये-जा नियंत्रित करून पूर्वजांनी ही शेते तयार केली. चोडण, दिवाडी, आगशी या परिसरांत त्यांचे विस्तीर्ण पट्टे दिसतात. यांतील पुष्कळ भाग भरतीच्या पातळीहून खाली आहे. बांध फुटला की एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते आणि पुढील हंगामही वाया जातात. अशा जमिनीवर मातीचा भराव टाकून घर बांधणे हे निसर्गाच्या व कायद्याच्या दोहोंच्या विरुद्ध आहे. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचा विशेष उल्लेख करून त्यांना संरक्षण देण्यात आले. भराव टाकला की पाणी नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याच्या शेतात जाते, हेही विसरून चालणार नाही.

पठारावरील जमीन दिसण्यास मोकळी व स्वस्त असते. परंतु पावसाळा संपला की तेथे पाण्याचा प्रश्न उभा राहतो. विहीर वा कूपनलिका खोदावयाची तर २००२ च्या भूजल नियमन कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते, आणि परवानगी मिळाली म्हणजे पाणी लागतेच असे नाही. ज्या खाणपट्ट्यात खोल उत्खनन झाले, तेथील विहिरींची चौकशी अधिक बारकाईने करावी. जमीन पाहण्याचा योग्य काळ म्हणजे एप्रिल-मे महिने. शेजारच्या विहिरीत त्या वेळी किती पाणी आहे, हे पाहिल्यावर दलालाच्या दहा आश्वासनांची गरज उरत नाही.

पायथ्याच्या गावांत पाणी व सावली मुबलक असली, तरी पूर आणि दरडी यांचा विचार करावा लागतो. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात आलेला आकस्मिक पूर आणि जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली व धारबांदोडा या तालुक्यांत झालेली पुराची हानी अनेकांच्या स्मरणात आहे. त्या दिवशी पाणी कोठपर्यंत चढले होते, हे गावातील वडीलधारी माणसे भिंतीवर हात ठेवून दाखवितात. ती खूण कोणत्याही नकाशात नसते. म्हणून जमीन एकदा भर पावसातही पाहावी.

कायद्याने अनुज्ञेय वापर

जमीन कितीही उत्तम असली तरी तिचा वापर मालकाच्या इच्छेवर अवलंबून नसतो. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यान्वये प्रत्येक भूभागाचा विभाग निश्चित केला जातो. ग्रामीण भागासाठी प्रादेशिक आराखडा २०२१ हा त्याचा आधार असून, शहरांलगतच्या नियोजन क्षेत्रांसाठी स्वतंत्र विकास आराखडे आहेत. बोलीभाषेत ज्याला ‘सेटलमेंट’ म्हणतात त्या वसाहत विभागातच सामान्यतः घरबांधणी करता येते. शेती, बागायत, वनक्षेत्र व पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील विभाग यांतील वापर अत्यंत मर्यादित आहे.

“आज बागायत आहे, उद्या सेटलमेंट होईल,” हे वाक्य जमीन विकणाऱ्यांच्या तोंडी हमखास ऐकू येते. या ‘उद्या’वर पैसे लावणे कसे धोक्याचे आहे, याचा धडा गोव्याच्या अलीकडील इतिहासात आहे. २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा २०११ हा लोकांच्या तीव्र विरोधामुळे २००७ मध्ये मागे घेण्यात आला. पुढे कायद्यातील कलम १७(२) खाली वैयक्तिक भूखंडांच्या विभागात दुरुस्ती करण्याची पद्धत सुरू झाली. त्यासाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरविले आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. या घटनांचा सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने अर्थ एकच : आज आराखड्यात जो विभाग आहे, त्याच्याच आधारे जमिनीची किंमत करावी. विभागाचा दाखला नगर व ग्राम नियोजन खात्याकडून लेखी घ्यावा. मोबाइलवर दाखविलेल्या नकाशावर विसंबू नये.

समुद्रकाठच्या जमिनीला किनारी नियमनाची आणखी एक चौकट असते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांचा पट्टा २०११ च्या अधिसूचनेनुसार नवीन बांधकामास बंद ठेवण्यात आला. भरतीओहोटीच्या नद्या व खाड्यांच्या काठी ही मर्यादा १०० मीटर किंवा पात्राची रुंदी यांपैकी जी कमी असेल ती, अशी ठरविण्यात आली. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे कासवे अंडी घालण्यास येत असल्याने तेथील किनाऱ्याला विशेष संरक्षण आहे.

डोंगरउतार कापणे व सखल जागा भरणे यांस नियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार पूर्वपरवानगी लागते. घनदाट झाडी असलेली खासगी जमीन खासगी वन म्हणून निश्चित झाली आहे काय, याची चौकशी वन खात्याकडे करावी. या सर्वांतून पार पडल्यावरही १९६८ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे बिगरशेती वापराची सनद आणि ग्रामपंचायतीचा बांधकाम परवाना घ्यावाच लागतो. घराला पंचायतीने क्रमांक दिला आणि करपावती फाडली, म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, हा समज चुकीचा आहे.

कूळ, मुंडकार आणि गावकरी

गोव्यातील जमिनीच्या मालकीला दीर्घ इतिहास आहे आणि तो प्रत्येक तालुक्यात सारखा नाही. तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादींत गावकरी म्हणजेच कोमुनिदाद या प्राचीन ग्रामसंस्थेच्या ताब्यात मोठे क्षेत्र आहे. तिचा कारभार १९६१ च्या कोमुनिदाद संहितेनुसार चालतो. ही जमीन एका माणसाची नसते. गावकारांना तिच्या उत्पन्नातून जोण मिळतो, एवढेच. त्यामुळे कोमुनिदादच्या जमिनीवरील ताबा कोणी विकू पाहत असेल, तर त्याला मालकी समजू नये. फोंड्यासारख्या तालुक्यात देवस्थानांच्या जमिनी आहेत. त्यांचा कारभार १९३३ च्या देवस्थान नियमनाखाली महाजनांमार्फत चालतो. सत्तरीत मोकाशांच्या, तर सांगे, केपे, सत्तरी आदी भागांत पोर्तुगीज शासनाने दिलेल्या आल्वारा जमिनींचे प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहेत. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुटुंबाकडेही विक्रीयोग्य मालकी असेलच असे नाही.

मुक्तीनंतर झालेल्या कायद्यांनी कष्टकऱ्यांना जे हक्क दिले, त्यांचा मान राखणे हे कर्तव्य तर आहेच, शिवाय त्यात ग्राहकाचेही हित आहे. १९६४ च्या कृषी कूळवहिवाट कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने १९७६ मध्ये कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कुळाने अशी मिळविलेली जमीन मामलेदाराच्या पूर्वमंजुरीविना हस्तांतरित होत नाही, आणि १९९१ च्या भूमिवापर नियमन कायद्यामुळे ती शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरता येत नाही. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्या व्यक्तीस विकण्यावर निर्बंध घातले आहेत. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहिलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने निष्कासनापासून संरक्षण दिले असून घराची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. जमिनीच्या कोपऱ्यात एखादे जुने घर असेल, तर विक्रेता त्याविषयी काय सांगतो यापेक्षा त्या घरातील माणसे काय सांगतात, हे आधी ऐकावे.

कागदपत्रांची पडताळणी

ग्रामीण भागातील मुख्य अभिलेख म्हणजे एक-चौदाचा उतारा. त्यात कब्जेदाराचे नाव, क्षेत्र, पीक, कूळ व इतर हक्क यांच्या नोंदी असतात. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत या नोंदी खऱ्या मानल्या जातात. तथापि हा उतारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मालकीची साखळी जोडण्यासाठी पोर्तुगीजकालीन जमीन नोंदणीतील दाखले, जुनी खरेदीखते, वारसापत्रे आणि उपनिबंधक कार्यालयातील बोजा नसल्याचा दाखला एकत्र तपासावे लागतात. जुनी कागदपत्रे पोर्तुगीज भाषेत असल्याने त्यांचा अर्थ जाणकार वकिलाकडून लावून घ्यावा. बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारी आल्यावर राज्य शासनाने जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नियुक्त केला. परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या बंद घरांवर व पडीक भाटांवर अशा टोळ्यांचा डोळा असतो. म्हणून मालकाने वर्षातून एकदा तरी आपला उतारा पाहावा, आणि ग्राहकाने मुखत्यारपत्रावर व्यवहार करताना मूळ मालकाशी प्रत्यक्ष संपर्क साधावा.

गोव्यातील कौटुंबिक कायद्याचा विशेष येथे महत्त्वाचा ठरतो. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, वेगळा करार नसल्यास, विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते. म्हणून खरेदीखतावर दोघांचीही संमती व सही आवश्यक ठरते. वारसाहक्काच्या बाबी आता गोव्याच्या वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याखाली येतात. वाटणी न झालेल्या मालमत्तेतील एकाच वारसाचा हिस्सा घेणे म्हणजे अनोळखी कुटुंबाच्या वादात भागीदार होणे. सर्व वारस एकत्र येऊन सही करीत असतील, किंवा इन्व्हेंटरीची कार्यवाही पूर्ण झालेली असेल, तरच पुढे जावे.

मोठ्या जमिनीतून लहान तुकडा घेताना उपविभागणी मंजूर आहे काय, हे पाहावे. आवश्यक ती मंजुरी नसता घेतलेला तुकडा कागदावर समाईक हिस्साच राहतो. त्यावर ना परवाना मिळत, ना कर्ज. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे होणे बंधनकारक आहे. परकीय नागरिकत्व स्वीकारलेल्या गोमंतकीयांना वारसाने शेतजमीन मिळू शकते, परंतु शेतजमीन, बागायत वा फार्महाउस विकत घेता येत नाही, हेही परदेशस्थ आप्तांना सांगणे आवश्यक आहे.

तीन जागा : एक उदाहरण

समजा, एका निवृत्त शिक्षकापुढे तीन जागा आहेत. पहिली पेडणे तालुक्यात, काजूच्या उतारावरील तुकडा. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून या भागाकडे ग्राहकांचा ओढा वाढला आहे. दर परवडणारा आहे, पण विभाग बागायतीचा आणि उपविभागणी नाही. दुसरी जागा नदीकाठी, मनोहर दृश्य असलेली; पण जमीन जुन्या खाजनाची, भराव टाकलेली. तिसरी फोंडा तालुक्यातील गावाच्या वाड्यात, वसाहत विभागात. दर सर्वांत अधिक, आणि उताऱ्यावर अद्याप आजोबांचे नाव.

वरवर पाहता तिसरी जागा महाग व अडचणीची वाटते. परंतु तिचा दोष दूर करण्याजोगा आहे. वारस एकत्र आले, वारसापत्र झाले, नावाची नोंद बदलली की जमीन निर्वेध होते. हे सर्व विक्रेत्याने पूर्ण केल्यानंतरच पूर्ण रक्कम देण्याचा करार करता येतो. पहिल्या जागेचा दोष शासनाच्या भावी निर्णयावर अवलंबून आहे, ज्यावर शिक्षकाचा काहीही अधिकार नाही. दुसरीचा दोष समुद्राच्या भरतीवर अवलंबून आहे, आणि तिच्यावर कोणाचाच अधिकार नाही. अशा स्थितीत तिसरी जागा घ्यावी, किंवा पैसे बँकेत ठेवून थांबावे. पहिल्या दोहोंचा मोह टाळावा.

येथे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावयास हवी. एकाच उद्योगावर उभी असलेली भाववाढ त्या उद्योगाबरोबर कोसळते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि त्या मार्चमध्ये खनिज उत्खनन थांबले. त्या पट्ट्यात ट्रकांच्या भरवशावर घेतलेली कर्जे व बांधलेले गाळे यांची स्थिती पाहिलेल्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पर्यटन वा विमानतळ यांच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. ज्या गावात शाळा, दवाखाना, बस, बारमाही पाणी आणि शेती आहे, त्या गावातील जमिनीची किंमत सावकाश वाढते. परंतु तिला राहणाऱ्या माणसांचा आधार असतो. शिवाय, जमीन हे अडीअडचणीला तत्काळ उपयोगी पडणारे धन नव्हे. आजारपण वा मुलांचे शिक्षण यांसाठी लागणारी रक्कम बाजूला काढूनच जमिनीचा विचार करावा.

गावाची जबाबदारी

या कामी शिक्षक, पंचायत सदस्य व तलाठी यांची मदत मोलाची ठरते. एक-चौदाचा उतारा कसा वाचावा, हे माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत एका तासात शिकविता येते. गावच्या आराखड्याचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावता येतो. ग्रामसभेत जमीनविषयक शंकांना वेळ देता येतो. माहिती असलेल्या गावात फसवणूक करणे कठीण असते. जेथे कागद वाचणारा कोणी नसतो, तेथेच दलालाचा शब्द कायदा बनतो.

जमीन विकणाऱ्या कुटुंबानेही थोडे थांबून विचार करावा. सासष्टीचे धान्यकोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुडतरीसारख्या गावाने तळी आणि शेते यांच्या आधारावर पिढ्या पोसल्या. भातशेत एकदा भरावाखाली गेले की ते पुन्हा शेत होत नाही. म्हणून घेणाऱ्याने वसाहत विभागातच घर करावे, शेतीची जमीन शेतीसाठीच घ्यावी, आणि विकणाऱ्याने घराण्याचे शेवटचे शेत विकण्यापूर्वी ते कसण्यास देण्याचा पर्यायही तपासावा.

दर विचारण्याआधी विहीर पाहावी, विहिरीनंतर विभागाचा दाखला घ्यावा, आणि दाखल्यानंतर जमिनीत राहणाऱ्या व कसणाऱ्या माणसांना भेटावे. एवढे करूनही ज्या जमिनीबद्दल मन निःशंक राहते, तीच जमीन बचत गुंतविण्यास योग्य होय.